ॲन्सेल ॲडम्स : एका सेकंदाचा फोटो आणि ट्रायपॉड

फोनमध्ये नाइट मोड लावला की फोन स्थिर धरा अशी सूचना येते. अमेरिकेतले फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स यांचं जवळजवळ सगळं नाव या एका गोष्टीवर उभं आहे, असं मला वाटतं.

जन्म १९०२, सॅन फ्रान्सिस्को. व्हायचं होतं पियानोवादक. पण १९१६ मध्ये घरच्यांबरोबर योसेमिटीच्या डोंगरात गेले, हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा आला आणि दरवर्षी तिथे जाणं सुरू झालं. १९३२ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी एक गट काढला, नाव ‘एफ ६४’. हा लेन्सच्या अगदी बारीक छिद्राचा आकडा. छिद्र बारीक केलं की जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. पण प्रकाश कमी पडतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणजे ट्रायपॉड आलाच!

१ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून गाडीने जाताना त्यांना उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे कबरस्तानातले क्रॉस दिसले. घाईघाईत ट्रायपॉडवर ८ बाय १० इंच फिल्मचा अवजड कॅमेरा चढवला. प्रकाश मोजायचा मीटर सापडेना, म्हणून चंद्राच्या तेजाचा पाठ असलेला आकडा धरून हिशेब केला. एफ ३२, एक सेकंद. दुसरी फिल्म घेईपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं होतं. त्या एका सेकंदात कॅमेरा हलला असता तर ‘मूनराइज’ हा फोटो आज नसता.

त्या कॅमेऱ्यात आरसा नव्हता. पुढे त्यांनी हॅसलब्लाड वापरला, १९६० चा ‘मून अँड हाफ डोम’ त्यावरच काढलेला. त्यात आणि आपल्या डीएसएलआरमध्येही लेन्समागे आरसा असतो. बटण दाबलं की तो खटकन वर उडतो आणि ट्रायपॉडवरचा कॅमेराही थरथरतो. मिरर लॉकअप म्हणजे आरसा आधी वर करायचा, थरथर थांबू द्यायची, मग शटर उघडायचं. हॅसलब्लाडमध्ये ही सोय होती. सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास याचा फरक चांगलाच दिसतो. हजाराव्या भागाला काही फरक पडत नाही, कारण शटर तेवढ्यात बंदही होतं. तीस सेकंदांच्या फोटोतही नाही, तिथे थरथरीचा वाटा नगण्य असतो.

१९८४ मध्ये ॲडम्स गेले, मोबाइलचा कॅमेरा त्यांनी पाहिलाच नाही. फोनमध्ये आरसा नसतो, पण स्क्रीनवर टेकणारा तुमचा अंगठा तेच काम करतो! म्हणून फोन ट्रायपॉडवर लावला तरी तीन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढू नका, तो डुलतो. उंची हवी असेल तर आधी पाय लांबवा, तेही जाड भागापासून.