एक्सप्लेनर : कार्ल्याचा डोंगर बौद्धांचा की एकवीरा आईचा? गणितज्ञ कोसंबींनी पायी फिरून शोधलेलं उत्तर

नेरे (ता. मुळशी) : नेरे-हिंजवडी परिसरापासून कार्ला फार दूर नाही. एकवीरा आईच्या देवळाला लागूनच तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह आहे. एकाच डोंगरावर दोन परंपरा कशा नांदल्या, याचा शोध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी घेतला.

कोसंबी कोण होते?
जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातील कोसबेन. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. पुढे बनारस, अलीगढ आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवलं. नंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुणे-मुंबई प्रवास डेक्कन क्वीनने चाले. जनुकशास्त्रातलं १९४४ चं 'कोसंबी सूत्र' त्यांचंच.

गणितज्ञ डोंगरावर कसा पोहोचला?
प्राचीन नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकी अभ्यास करताना ते इतिहासाकडे वळले. पोथ्यांइतकाच पुरावा जमिनीवर आहे, असं त्यांचं मत होतं. पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घालून त्यांनी अश्मयुगीन दगडी हत्यारं गोळा केली. गावोगावच्या देवींची ठाणी आणि जत्रांच्या वाटाही नोंदवल्या.

काय सापडलं?
कोकणातून घाट चढणाऱ्या व्यापारी वाटांवर लेणी आहेत. धनगर, व्यापारी यांच्या वाटा जिथे मिळत, तिथेच मातृदेवतांची जुनी ठाणीही होती. भिक्षूंनी विहारांसाठी अशाच जागा निवडल्या. विहार ओस पडले तरी देवींची पूजा टिकली किंवा परतली, असा त्यांचा निष्कर्ष होता. जुन्नरजवळ लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बौद्ध विहारातच आहे. तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर वारकऱ्यांचं तीर्थ आहे आणि तिथेही बौद्ध लेणी आहेत.

किंमत काय मोजली?
१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. त्याच वर्षी देवस्थानांवरील लेखांचा समावेश असलेलं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' प्रसिद्ध झालं. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आज महत्त्व का?
अशा जागा मुळात कोणाच्या, हा वाद आजही पेटतो. कोसंबींच्या सगळ्याच निष्कर्षांवर एकमत नाही. मात्र एका डोंगरावर अनेक काळांचे भाविक येऊन गेले, हे पाहण्याची सवय त्यांनी लावली. चैत्यगृह आणि देऊळ यांच्यात आजही काही पावलांचंच अंतर आहे.