भयाचा माग काढणारा शास्त्रज्ञ : वॉल्टर कॅनन

परीक्षा केंद्रात प्रश्नपत्रिका हाती पडते त्या क्षणी घशाला कोरड पडते, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. भीती ही मनाची अवस्था आहे असे आपण म्हणतो. मराठी भाषेने मात्र तिचे घर फार पूर्वीपासून शरीरातच मानले आहे. तोंडचे पाणी पळणे, अंगावर काटा येणे, धडकी भरणे, हातपाय गळणे हे वाक्प्रचार त्याची साक्ष देतात. या अनुभवांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते, याचा प्रयोगाच्या साहाय्याने शोध घेणाऱ्या एका शास्त्रज्ञाचे चरित्र आपण या पाठात अभ्यासणार आहोत.

वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या एका गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. कॅनन दहा वर्षांचे असताना आई वारली. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यांना शाळेतून काढून रेल्वेच्या कचेरीत कामाला लावले. दोन वर्षे तेथे काढल्यावर ते पुन्हा शाळेत आले. नोकरी सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे परतणे किती अवघड असते ते सांगायला नको. १८९२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते हार्वर्डला गेले आणि पुढे तेथेच वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले.

क्ष-किरणांच्या शोधाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १८९६ मध्ये, वैद्यकाच्या पहिल्याच वर्षाला असलेल्या कॅनन यांना त्यांचे प्राध्यापक हेन्री बोडिच यांनी एक काम सुचवले : गिळलेले अन्न शरीरात कसे सरकते ते या नव्या किरणांनी पाहावे. अन्नात बिस्मथचा क्षार मिसळला की त्याची छाया पडद्यावर दिसे. जठराच्या लाटांसारख्या हालचाली कॅनन तासन्‌तास न्याहाळत असत. या निरीक्षणांत एक अडथळा वारंवार येऊ लागला. मांजर चिडले, घाबरले, सुटण्यासाठी धडपडू लागले की जठर एकदम निश्चल होई. त्याला कुरवाळून शांत केले की काही वेळाने लाटा पुन्हा सुरू होत. एखाद्याने हा व्यत्यय समजून सोडून दिला असता. कॅनन यांनी त्याचीच नोंद ठेवली आणि तोच त्यांच्या पुढील संशोधनाचा विषय झाला.

१९०६ मध्ये बोडिच यांच्या जागी ते हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४२ पर्यंत त्या पदावर राहिले. १९११ मधील त्यांचा प्रयोग येथे जरा सविस्तर पाहू. मांजर शांत असताना त्याच्या अधिवृक्क ग्रंथींजवळच्या शिरेतून थोडे रक्त घेण्यात आले. मग त्याच्यासमोर भुंकणारा कुत्रा आणला गेला आणि पुन्हा रक्त घेण्यात आले. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी स्वतंत्रपणे आकुंचन पावत ठेवलेली होती. शांत मांजराच्या रक्तात ती पूर्ववत हलत राहिली. भ्यालेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडून थांबली. त्या ग्रंथी काढून टाकल्यावर मात्र भीतीनंतरच्या रक्तातही हा परिणाम दिसेना. भीती रक्तात उतरते, ती एका रसायनाच्या रूपाने, हे यातून दिसून आले.

ते रसायन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. भाषेच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. हे नाव लॅटिनवरून आले. मूत्रपिंडाजवळचे, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेत रूढ असलेले एपिनेफ्रिन हे नाव ग्रीकवरून घडवलेले असून त्याचा अर्थ जवळजवळ तोच. आपला अधिवृक्क हा शब्दही त्याच रीतीने बनला आहे. अ‍ॅड्रेनलिन हे त्या काळी एका औषध कंपनीचे व्यापारी नाव असल्याने कॅनन आपल्या लेखनात अ‍ॅड्रेनिन असे लिहीत.

१९१५ च्या ग्रंथात त्यांनी वेदना, भूक, भय आणि क्रोध यांनी शरीरात होणारे बदल एका सूत्रात ओवले. यकृतातील साठ्यातून साखर रक्तात येते, हृदयाची गती वाढते, श्वासनलिका रुंदावतात, पोटातील रक्त स्नायूंकडे वळते, जखम झालीच तर रक्त लवकर गोठते. लढा किंवा पळा, या दोन्हींसाठी लागणारी ही तयारी होय. आता पोटातला गोळा आणि घशाची कोरड यांचा उलगडा होतो : संकटाच्या वेळी शरीर पचनाचे काम बाजूला ठेवते. या ग्रंथात परीक्षार्थीही आहेत. वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांपैकी चौघांच्या लघवीत कठीण परीक्षेनंतर साखर आढळली, सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. फुटबॉलच्या संघात तर मैदानात न उतरलेल्या राखीव खेळाडूंतही ती सापडली. हातपाय गळणे किंवा पाय जमिनीला खिळणे या अनुभवांना मात्र कॅनन यांच्या सूत्रात पुरेशी जागा नाही. ती त्यातील उणीव आहे असे मला वाटते.

हे प्रयोग वाचताना आज आपल्याला अस्वस्थ वाटेल. त्या काळीही अनेकांना वाटले. प्राणिप्रयोगांच्या विरोधकांना कॅनन यांनी वर्षानुवर्षे उत्तरे दिली. प्रयोगशाळेत प्राण्यांना कसे वागवावे याचे नियमही तयार केले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी जखमी सैनिकांमधील आघाताच्या अवस्थेचा अभ्यास केला. तेथून परतल्यावर त्यांचे लक्ष एका व्यापक प्रश्नाकडे वळले : इतक्या उलथापालथीतही शरीराचे तापमान, रक्तातील साखर, क्षार स्थिर कसे राहतात? १९२६ मध्ये त्यांनी यासाठी होमिओस्टॅसिस ही संज्ञा घडवली. तंतोतंत एकच असणे असा अर्थ देणारा घटक टाळून त्यांनी सारखेपणा सुचवणारा घटक निवडला, कारण हा समतोल थोडा हलता असतो. मराठीत आपण त्याला समस्थिती म्हणतो. अनुकंपी चेतासंस्था काढून टाकलेली मांजरे त्यांच्या प्रयोगशाळेच्या उबेत व्यवस्थित जगत. थंडी किंवा श्रम मात्र त्यांना सोसत नसत.

त्यांची प्रत्येक मांडणी टिकली नाही. चेतातंतूंच्या टोकाशी दोन प्रकारचे सिम्पथिन तयार होते, हे त्यांचे मत पुढे मागे पडले. १९४६ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी तेथील द्रव्य नॉरअ‍ॅड्रेनलिन असल्याचे दाखवले. दीर्घकाळच्या ताणात याच ग्रंथीच्या बाहेरील थरातून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलचे महत्त्वही नंतरच्या संशोधकांनी उलगडले.

उतारवयात कॅनन यांना त्वचेच्या कष्टप्रद विकाराने ग्रासले. विद्यार्थिदशेत, पुरेशा संरक्षणाविना, क्ष-किरणांसमोर काढलेल्या तासांशी त्याचा संबंध जोडला जातो. १ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यू हॅम्पशर राज्यातील फ्रँकलिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.