माधवराव शिंदे (ग्वाल्हेर)

महाराजा माधवराव जयाजीराव शिंदे (जन्म : ग्वाल्हेर, २० ऑक्टोबर १८७६, मृत्यू : पॅरिस, ५ जून १९२५) हे ग्वाल्हेर संस्थानचे अधिपती होते. १८८६ ते १९२५ अशी एकोणचाळीस वर्षे ते गादीवर होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या टेबलावर धावणाऱ्या चांदीच्या आगगाडीमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र ज्या छंदातून हे खेळणे जन्मले, त्याच छंदातून ग्वाल्हेरची अरुंदमापी रेल्वेही उभी राहिली. तिने शतकाहून अधिक काळ चंबळ खोऱ्यातील सामान्य प्रवाशांची सेवा केली. त्यामुळे माधवरावांच्या चरित्रात खेळणे आणि राज्यकारभार यांची पूर्णपणे फारकत करता येत नाही.

केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री राहिलेले माधवराव शिंदे (१९४५–२००१) हे त्यांचे नातू होत.

बालपण आणि राज्यारोहण

माधवरावांचे वडील जयाजीराव शिंदे यांचे जून १८८६ मध्ये निधन झाले. त्या वेळी माधवरावांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. त्यामुळे संस्थानचा कारभार रीजन्सी कौन्सिलकडे सोपवण्यात आला. मातोश्री सख्याराजे यांच्या सहवासात आणि इंग्रजी पद्धतीच्या शिक्षणात त्यांची जडणघडण झाली. १८९४ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

रेल्वेशी या घराण्याचा संबंध जुना होता. जयाजीरावांनी आग्रा–ग्वाल्हेर लोहमार्गासाठी १८७२ मध्ये ७५ लाख रुपयांचे कर्ज दिले होते. पुढील वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठीही त्यांनी तेवढीच रक्कम दिली. ग्वाल्हेर अशा रीतीने मोठ्या रेल्वेने जोडले गेले, तरी संस्थानचा अंतर्भाग दुर्गमच राहिला. शिवपुरीकडील जंगल, भिंडकडील खोल घळी आणि श्योपूरकडील विरळ वस्तीचा मुलूख येथपर्यंत पोहोचण्यास बैलगाडीवाचून दुसरे साधन नव्हते.

ग्वाल्हेर लाइट रेल्वे

माधवरावांना यंत्रांचे, विशेषतः वाफेच्या इंजिनाचे, तरुणपणापासून वेड होते. स्वतः इंजिन चालवण्यात त्यांना आनंद वाटे. १८९० च्या दशकात त्यांनी राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग टाकून घेतला. प्रारंभी त्याचे स्वरूप राजाच्या हौसेपुरतेच होते. परंतु तोच मार्ग वाढवत संस्थानभर नेण्याचा निर्णय लवकरच घेण्यात आला.

दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर हे रुळांमधील अंतर अतिशय कमी आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान रेल्वेचे मापही हेच आहे. अशा मार्गाला हलके रूळ आणि लहान पूल पुरतात, तीव्र वळणे घेता येतात आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. वेग आणि भारवहनाची क्षमता मात्र मर्यादित राहते. मोठ्या रेल्वे कंपन्यांना ज्या प्रदेशात नफ्याची आशा नव्हती, तेथे रेल्वे नेण्याचा हाच परवडणारा मार्ग होता.

डिसेंबर १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून शिवपुरी आणि भिंडकडे जाणारे मार्ग खुले झाले. तिसरा मार्ग पश्चिमेकडे टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९०४ मध्ये तो सबलगढपर्यंत, १९०८ मध्ये बीरपूरपर्यंत आणि १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचला. एकट्या ग्वाल्हेर–श्योपूर मार्गाची लांबी सुमारे २०० किलोमीटर होती. या जाळ्यामुळे धान्य आणि इमारती लाकूड यांची ने-आण सुलभ झाली. दूरच्या खेड्यांतील लोकांना राजधानीची बाजारपेठ, न्यायालये आणि रुग्णालये प्रथमच आवाक्यात आली.

भोजनाच्या टेबलावरील आगगाडी

जयविलास राजवाडा जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधला. सर मायकेल फिलोस हे त्याचे वास्तुकार होते. या राजवाड्याच्या मेजवानीच्या दालनातील लांब टेबलावर माधवरावांनी रूळ बसवून घेतले आणि त्यांवर विजेवर चालणारी चांदीची छोटी आगगाडी ठेवली. इंजिनामागे डबे असत आणि त्यांवर शिंदे घराण्याच्या इंग्रजी आडनावातील सात अक्षरे अनुक्रमे झळकत. डब्यांवर काचेच्या नक्षीदार सुरया बसवलेल्या असून त्यांत ब्रँडी आणि इतर मद्ये भरलेली असत. सिगार आणि सुका मेवाही याच गाडीतून पाहुण्यांपुढे येई.

भोजनोत्तर मद्याची सुरई टेबलाभोवती एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचा शिष्टाचार इंग्रजांमध्ये रूढ होता. माधवरावांनी हे काम यंत्राकडे सोपवले. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे आणि ती जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. सुरईचे वजन कमी झाल्याने विजेचा प्रवाह तुटावा आणि वजन परत येताच तो जोडला जावा, या साध्या तत्त्वावर ही रचना आधारलेली होती. वाढप्याला हाक मारण्याची गरज नाही आणि शेजाऱ्याची वाट पाहण्याचीही नाही, अशी ही सोय होती. गाडीचे नियंत्रण यजमानाच्या हाती असल्याने कोणासमोर ती थांबवायची आणि कोणाला हुलकावणी द्यायची, हेही त्यांना ठरवता येई.

एका मोठ्या मेजवानीत विजेच्या जोडणीत बिघाड होऊन गाडी अनावर झाली आणि पाहुण्यांच्या पोशाखांवर खाद्यपदार्थ उडाले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. संस्थानिकांच्या चैनीचे उदाहरण म्हणून ती वारंवार सांगितली जाते. या गाडीकडे आणखी एका दृष्टीनेही पाहता येते. ब्रिटिश अधिसत्तेखाली संस्थानिकांचे परराष्ट्र संबंध आणि सैन्यबळ यांवर कडक बंधने होती. त्याच सत्तेचे अधिकारी या टेबलाशी पाहुणे म्हणून बसत, तेव्हा निदान तेथील गाडी तरी ग्वाल्हेरच्या महाराजांच्या इच्छेप्रमाणे थांबे आणि चाले.

उद्योग आणि जहाजवाहतूक

माधवरावांनी संस्थानचा पैसा आधुनिक उद्योगांत गुंतवला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला खेळत्या भांडवलाची निकड भासली, तेव्हा कंपनीने काढलेले ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले. १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी ग्वाल्हेरात जयाजीराव कॉटन मिल्सची स्थापना केली.

१९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी माधवरावांनी रुग्णालय-जहाज सुसज्ज करून दिले आणि ते स्वतः त्या मोहिमेवर गेले. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी त्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर केले. त्याचे नाव ‘लॉयल्टी’ असे ठेवण्यात आले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जहाज विकत घेतले. त्यांच्या कंपनीला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. राजनिष्ठेचे नाव धारण करणारे जहाज अशा प्रकारे स्वदेशी जहाजवाहतुकीचे प्रतीक ठरले.

शिक्षण, संगीत आणि पाटबंधारे

सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये माधवरावांनी ग्वाल्हेरात शाळा काढली. आज ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर असलेले सिंदिया स्कूल ते हेच. १९१८ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घराण्यांच्या बैठकीत बंदिस्त असलेले शास्त्रीय संगीत अभ्यासक्रमानुसार शिकवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या संस्थेचे स्थान महत्त्वाचे आहे.

शेतीला पाणी मिळावे यासाठी त्यांच्या कारकिर्दीत अनेक तलाव आणि बंधारे झाले. त्यांपैकी ग्वाल्हेरजवळील सांक नदीवरील तिघरा धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले आणि खालच्या भागात मोठी हानी झाली. धरणाची पुढे पुन्हा उभारणी करण्यात आली. लहानसहान बाबींतही जातीने लक्ष घालणारा प्रशासक अशी माधवरावांची ख्याती होती. तथापि सर्व सूत्रे एका हाती असलेल्या राज्यपद्धतीची मर्यादाही त्यांच्या कारकिर्दीत दिसते. सुधारणांचा वेग राजाच्या उत्साहावर अवलंबून होता आणि राजाच्या हौसेवरील खर्चाला जाब विचारणारी यंत्रणा प्रजेच्या हाती नव्हती.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

माधवरावांच्या पहिल्या पत्नी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह ठरला होता. परंतु इंदिराराजे यांनी तो स्वतः मोडला आणि १९१३ मध्ये कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. त्यानंतर माधवरावांचा विवाह गोव्यातील राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी झाला. त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव ही अपत्ये झाली.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे वयाच्या ४८ व्या वर्षी माधवरावांचे निधन झाले. संस्थानची उन्हाळी राजधानी असलेल्या शिवपुरीत मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे. त्यांच्या मृत्यूसमयी जिवाजीरावांना नववे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यामुळे ग्वाल्हेरच्या गादीवर पुन्हा एकदा अज्ञान वारस आला.

वारसा

स्वातंत्र्यानंतर संस्थानची रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन झाली. शिवपुरी आणि भिंडचे अरुंदमापी मार्ग कालांतराने बंद झाले. श्योपूरची गाडी मात्र २०२० पर्यंत धावत होती. त्यानंतर या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. १९८८ मध्ये माधवरावांचे नातू रेल्वे खात्याचे राज्यमंत्री असताना देशातील पहिली शताब्दी एक्सप्रेस नवी दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत सुरू झाली.

जयविलास राजवाड्याच्या एका भागात आता संग्रहालय असून भोजनाचे टेबल आणि चांदीची गाडी तेथे पाहावयास मिळते. संग्रहालयाला भेट देणारे या गाडीपाशी हमखास थांबतात. श्योपूरच्या गाडीने माणसे आणि धान्य वाहिले, टेबलावरच्या गाडीने केवळ सुरया वाहिल्या. परंतु दोन्हींचे रूळ एकाच माणसाच्या ध्यासातून टाकले गेले होते.