ओळख थोरांची : प्रिन्स हॉल

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे ‘लॉज’ म्हटले की मुक्कामाची जागा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एकमेकांना भाऊ मानणाऱ्या आणि अडीअडचणीला धावून जाणाऱ्या सभासदांचे मंडळ म्हणजे लॉज, आणि ते मंडळ जिथे जमते ती इमारतही लॉजच. फ्रीमेसन हे अशा मंडळांतले एक जुने व नामांकित मंडळ.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चित्रांच्या पोस्टकार्डांचे जणू वेडच लागले होते. एका सेंटमध्ये कार्ड जात असे. १९०७ पासून पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहिण्याची परवानगी मिळाली आणि दुसरी बाजू चित्रासाठी पूर्ण मोकळी झाली. पुढच्या एका वर्षात सुमारे ६७ कोटी कार्डे टपालात पडली. त्यांवर गावातले रेल्वे स्टेशन असे, मुख्य रस्ता असे आणि लॉजची इमारतही असे. फिलाडेल्फियाचे १८७३ सालचे भव्य मेसॉनिक टेंपल, कोनशिला बसवण्याचे समारंभ, सभासदांच्या मिरवणुका अशी ही कार्डे हौशी लोक आजही जमवतात. त्यांवर दिसतात ती बहुतेक गोऱ्या लोकांची मंडळे. या अंकात आम्ही ओळख करून देत आहोत ती कृष्णवर्णीयांचे पहिले लॉज उभारणाऱ्या प्रिन्स हॉल यांची.

प्रिन्स हॉल अठराव्या शतकात बोस्टन शहरात राहत. त्या काळी तिथे माणसांची खरेदी-विक्री होत असे. हॉलही गुलाम होते आणि १७७० मध्ये त्यांना मुक्ततेचा कागद मिळाला, असे बहुतेक चरित्रकार मानतात. कातडी कमावणे हा त्यांचा धंदा. स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ मध्ये, त्यांनी बोस्टनच्या एका पलटणीला ढोलांसाठी पाच कातडी पुरवल्याचे बिल उपलब्ध आहे. त्याच वर्षी गुलामगिरी बंद करावी असा अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गेला. त्यावर हॉल यांचीही सही होती. जे स्वातंत्र्य देश इंग्रजांकडे मागत होता, तेच हे लोक आपल्या देशाकडे मागत होते.

बोस्टनच्या गोऱ्या लॉजमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा हॉल आणि त्यांचे चौदा सोबती ब्रिटिश पलटणीबरोबर असलेल्या एका लॉजमध्ये दाखल झाले. परंपरेने ६ मार्च १७७५ ही त्याची तारीख मानली जाते. पुढे पलटण शहर सोडून गेली. मागे राहिलेल्यांना परवानगी होती ती फक्त दोन गोष्टींची : संत जॉन यांच्या सणाला मिरवणूक काढायची आणि आपल्या मृतांचे अंत्यसंस्कार करायचे. नवा सभासद घेण्याचा अधिकार नव्हता. हॉल यांनी थेट लंडनला अर्ज केला. २९ सप्टेंबर १७८४ रोजी सनद मंजूर झाली, पण ती बोस्टनला पोहोचायला १७८७ साल उजाडले. सनद हाती येताच ‘आफ्रिकन लॉज’ रीतसर सुरू झाले.

लॉज मिळाले म्हणून हॉल स्वस्थ बसले नाहीत. १७८८ मध्ये तीन स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कामाच्या आमिषाने जहाजावर नेऊन वेस्ट इंडीजकडे पळवण्यात आले. हॉल यांनी सभासदांच्या सह्या घेऊन विधिमंडळाकडे दाद मागितली. शहरातले धर्मगुरूही पुढे आले. त्याच वर्षी मार्चमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला आणि काही महिन्यांनी ते तिघे सुखरूप परतले.

आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम शाळेचे. ऑक्टोबर १७८७ मध्ये त्यांनी विधिमंडळाला आणखी एक अर्ज दिला होता. त्यातले म्हणणे साधे होते. आम्ही इतरांसारखाच कर भरतो, तरी बोस्टनच्या मोफत शाळांचा लाभ आमच्या मुलांना मिळत नाही. त्यांच्या शिक्षणाची सोय व्हावी. अर्ज फेटाळला गेला. पुढे पालकांनी वेगळ्या शाळेसाठी केलेल्या मागण्यांचीही तीच गत झाली.

अखेर सरकारची वाट न पाहता पालकांनी १७९८ मध्ये प्रायमस हॉल यांच्या राहत्या घरी शाळा सुरू केली. प्रिन्स हॉल ४ डिसेंबर १८०७ रोजी वारले. दुसऱ्याच वर्षी ती शाळा आफ्रिकन मीटिंग हाउसच्या तळमजल्यावर आली आणि १८३५ मध्ये तिला स्वतंत्र इमारत मिळाली. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून शिकता यावे असा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये झाला तो १८५५ मध्ये. म्हणजे पहिल्या अर्जानंतर ६८ वर्षांनी!

कृष्णवर्णीयांच्या लॉजना पुढे हॉल यांचेच नाव मिळाले. विसाव्या शतकातल्या नागरी हक्कांच्या लढ्यात या इमारती फार उपयोगी पडल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय अटलांटातील प्रिन्स हॉल मेसॉनिक इमारतीत होते. गोऱ्यांच्या लॉजनी मात्र या बांधवांना मान्यता द्यायला फार वेळ लावला. कनेक्टिकटने ती १९८९ मध्ये दिली. हॉल यांच्या स्मरणार्थ केंब्रिज शहरात २०१० मध्ये स्मारक उभे राहिले.

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केले होते. त्यांची १८४८ मधली मुलींची शाळाही पुण्यातल्या एका वाड्यातच भरली. महाराष्ट्राबाहेर राहून आपल्या भाषेची शाळा टिकवणाऱ्या पालकांना आणि विश्वस्तांना नामंजूर अर्ज काही नवे नाहीत. अर्ज परत आला तरी वर्ग भरला पाहिजे, एवढे मात्र बोस्टनच्या त्या पालकांकडून शिकण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : आपल्या शाळेचा पहिला वर्ग कुठे भरला, जागा कुणी दिली, वर्गणी कशी जमली, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारून एका पोस्टकार्डावर लिहा आणि वर्गशिक्षकांकडे द्या. मागच्या बाजूला शाळेच्या इमारतीचे चित्र काढायला विसरू नका.