दगड वाचणारे हिस्लॉप साहेब

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे शिकली. पण ज्यांचे नाव त्या कॉलेजला आहे, ते स्टीफन हिस्लॉप कोण होते, हे फारसे कुणी सांगत नाही. आपल्या भागातल्या मातीशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ ला स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी शाळा काढली. गावोगाव फिरताना ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर दगड उचलून पाहायचे. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर भागातल्या खडकांवरचा लेख लंडनला छापला गेला. वर्धा खोऱ्यातल्या मांगलीच्या दगडात त्यांना एक चपटी कवटी मिळाली. ती बेडकाच्या जातकुळीतल्या फार जुन्या प्राण्याची निघाली. सिरोंचाजवळच्या कोटा गावच्या चुनखडीत तर मासेच होते. म्हणजे आज जंगल आहे त्या भागात कधीकाळी मोठे पाणी होते.

खडकाचा हा हिशेब आपल्या शेतापर्यंत येतो. वरोरा, भद्रावतीकडे काळा पाषाण झिजून काळी कन्हार झाली. ती ओल धरते, म्हणून तिथे पऱ्हाटी होते. मधल्या पट्ट्यातल्या वाळूच्या दगडाखाली कोळसा आहे. तो पुरून गेलेल्या जुन्या जंगलाचा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे खाली टणक जुना खडक, वर हलकी माती. पाऊस जास्त, पण खडकात पाणी मुरत नाही. म्हणून तिथे धान, बोड्या आणि मामा तलाव. मी स्वतः शेजारच्या तालुक्याचे पाहून सिहार जमिनीत पऱ्हाटी लावली होती. बियाण्याचेही पैसे निघाले नाहीत.

हिस्लॉप यांनी गोंड समाजाची लिंगो देवाची गाथाही लिहून घेतली. ती त्यांच्या मरणानंतर, १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली.

४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडांची जुनी वर्तुळे खोदून पाहायला ते गेले होते. संध्याकाळी बोरीकडे परतताना वाटेतला नाला पावसाने फुगला होता. घोडा एकटाच मुक्कामी आला. शोधायला माणसे धावली, पण साहेब बुडाले होते. छेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

विहीर खोदताना निघालेला दगड आपण बांधावर फेकून देतो. यंदा पेरणीआधी तो एकदा हातात घेऊन पाहा. आपल्या जमिनीला काय सोसते, ते त्यात बरेचसे कळते.