कॅथरिन ब्लॉजेट

कॅथरिन बर ब्लॉजेट (जन्म : १० जानेवारी १८९८, मृत्यू : १२ ऑक्टोबर १९७९) या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होत्या. पाण्यावर तरंगणारा, एका रेणूइतक्या जाडीचा थर काचेवर उचलून घेण्याची आणि असे थर एकावर एक चढवण्याची रीत त्यांनी विकसित केली. ती लँगम्यूर-ब्लॉजेट पद्धत म्हणून ओळखली जाते. याच रीतीने त्यांनी प्रकाशाचे परावर्तन जवळजवळ न करणारी काच तयार केली.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

ब्लॉजेट यांचे वडील जॉर्ज ब्लॉजेट हे न्यू यॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या पेटंट विभागाचे प्रमुख होते. कॅथरिन यांच्या जन्माच्या काही आठवडे आधी घरात शिरलेल्या चोराने त्यांची गोळी घालून हत्या केली. त्यानंतर आईने दोन्ही मुलांसह गाव सोडले; हे कुटुंब काही वर्षे फ्रान्समध्येही राहिले. कॅथरिन वयाच्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९१७ मध्ये पदवीधर झाल्या. शेवटच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत त्या वडिलांच्या कंपनीची प्रयोगशाळा पाहण्यास गेल्या असता तेथील शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी त्यांना आणखी शिकण्याचा सल्ला दिला. शिकागो विद्यापीठात कोळशाच्या वायू शोषण्याच्या गुणधर्मावर संशोधन करून त्यांनी १९१८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. महायुद्धामुळे वायुरोधक मुखवट्यांसाठी या विषयाला तेव्हा मोठे महत्त्व आले होते. त्याच वर्षी त्या लँगम्यूर यांच्या सहकारी म्हणून जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तेथे शास्त्रज्ञ म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला होत. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करून १९२६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भौतिकशास्त्रात केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच महिला.

थरांवर थर

तेलासारखे पदार्थ पाण्यावर पसरून एकाच रेणूच्या जाडीचा थर बनतो, हे ब्लॉजेट यांच्या आधीच माहीत होते. जर्मनीत घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करणाऱ्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी १८९१ मध्ये त्याविषयी लिहिले होते, आणि लँगम्यूर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु हा थर पाण्यावरच राहत असे. तो घन पृष्ठभागावर आणून हवा तितका जाड करण्याचे काम ब्लॉजेट यांचे. त्यांचे यासंबंधीचे मुख्य लेख १९३४ आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीत स्टिअरिक आम्लासारखे मेदाम्ल लवकर उडून जाणाऱ्या विद्रावकात विरघळवून त्याचे थेंब पाण्यावर सोडतात. विद्रावक उडून गेला की रेणूंची पाण्याकडे ओढ असलेली टोके पाण्यात आणि लांब शेपट्या हवेत राहतात. पाण्यात बेरियमचा क्षार असेल तर आम्लाचे रूपांतर साबणासारख्या बेरियम स्टिअरेटमध्ये होते. मग थरावर बाजूने सौम्य, स्थिर दाब ठेवून काचपट्टी सावकाश खाली-वर केली की प्रत्येक फेरीत तिच्यावर नवा थर चढतो. बेरियम स्टिअरेटच्या एका थराची जाडी सुमारे २४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा साधारण चार लाखावा भाग असते. थर मोजले की जाडी कळते. साबणाच्या फुग्याप्रमाणे जाडीनुसार या थरांचे रंग बदलतात. त्या आधारे ब्लॉजेट यांनी अतिसूक्ष्म जाडी मोजण्याची रंगपट्टीही बनवली.

सांगाड्याचे थर

साधी काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परावर्तित करते. तिच्यावर पाव तरंगलांबीचा लेप असेल, तर लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. बेरियम स्टिअरेटचे ४४ थर देऊन ब्लॉजेट यांनी ही जाडी साधली. पण जाडी जुळणे पुरेसे नव्हते. दोन्ही लहरी समान तीव्रतेच्या असतील तरच परावर्तन पूर्ण नाहीसे होते, आणि त्यासाठी लेपाचा अपवर्तनांक सुमारे १.२२ असावा लागतो. इतका कमी अपवर्तनांक असलेला भरीव घन पदार्थ उपलब्ध नव्हता.

ब्लॉजेट यांनी पदार्थ बदलण्याऐवजी लेपच पोकळ केला. पाण्याची आम्लता नियंत्रित करून त्यांनी धातूचा क्षार आणि मोकळे मेदाम्ल यांचे मिश्र थर चढवले. ती काच नंतर बेंझीनमध्ये बुडवली. बेंझीनमध्ये मोकळे आम्ल विरघळते, क्षार विरघळत नाही. त्यामुळे आम्ल निघून गेले आणि क्षाराचा सच्छिद्र सांगाडा जागेवर राहिला. रिकाम्या जागा हवेने भरल्याने अपवर्तनांक खाली आला. आम्लाचे प्रमाण आधीच ठरवून तो किती खाली आणायचा हेही ठरवता येई. मात्र दोन्ही घटक विरघळवणारा विद्रावक वापरला असता, तर लेपच उरला नसता. ‘अदृश्य काच’ या नावाने १९३८ मध्ये वृत्तपत्रांत गाजलेल्या शोधात हा भाग सहसा सांगितला जात नाही. वास्तविक शोधाचे मर्म तोच आहे. आज बहुवारिकांच्या द्रावणात काच बुडवून लेप देताना विद्रावक किती वेगाने उडतो आणि लांब साखळ्या त्यात किती उलगडतात, यावर लेपाची घडण अवलंबून असते. ती प्रक्रिया वेगळी असली, तरी विद्रावकाच्या निवडीने पातळ थराची अंतर्रचना घडवण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत ब्लॉजेट यांच्या या कामाची गणना करावी लागेल.

हे थर नाजूक होते, बोटाने पुसले तरी निघत. निर्वात पोकळीत फ्लोराइडची वाफ काचेवर बसवण्याची रीत जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच शोधली होती. अमेरिकेतही अशी रीत ‘अदृश्य काचे’च्याच सुमारास पुढे आली. कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांसाठी व्यवहारात तीच टिकली. ब्लॉजेट यांची थर चढवण्याची पद्धत मात्र प्रयोगशाळांत आजही वापरात आहे.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात ब्लॉजेट यांनी धुराचे पडदे आणि विमानांच्या पंखांवर जमणारा बर्फ या विषयांवर काम केले. त्यांच्या नावावर आठ अमेरिकन पेटंटे आहेत. १९५१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांना गार्व्हन पदक दिले आणि त्याच वर्षी १३ जून हा दिवस स्केनेक्टडी शहराने त्यांच्या नावाने साजरा केला. त्या अविवाहित होत्या. बागकाम, आकाशनिरीक्षण आणि गावातील हौशी रंगभूमी यांत त्यांना रस होता. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. स्केनेक्टडी येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये त्यांचा समावेश अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये करण्यात आला.