बाबासाहेब आंबेडकर यांचे शैक्षणिक कार्य

भीमराव रामजी ऊर्फ बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित व भारतीय राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार होते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचे ते संस्थापक होत. या महाविद्यालयामुळे मराठवाड्यातील दलित व ग्रामीण विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची वाट आपल्याच प्रदेशात खुली झाली.

शिक्षण

त्यांचा जन्म महू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील असल्यामुळे त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले व १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्सी. व बॅरिस्टर या पदव्या मिळवल्या.

अध्यापन व संस्थाउभारणी

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३५ मध्ये ते तेथील शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढील वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. निवासाची सोय नसेल, तर गरीब मुलाचे शिक्षण अर्ध्यावरच तुटते, हे अशा कामातून स्पष्ट झाले होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.

औरंगाबादमधील कार्य

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज होते. परंतु पदवीसाठी बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी भाषक विद्यार्थ्याला दूरचा प्रवास, खर्च व परकी भाषा अशा तिहेरी अडचणींना तोंड द्यावे लागे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर बाबासाहेबांनी या उणिवेकडे लक्ष दिले. १९५० मध्ये सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. म. भि. चिटणीस हे प्राचार्य होते. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा जिज्ञासू राजा मिलिंद याचे ते स्मरण असून परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. वसतिगृहांमुळे खेड्यांतील मुलांना तेथे राहून शिकता आले. त्यांपैकी अनेक जण आपल्या घराण्यातील पहिलेच शिकणारे होते.

वारसा

बाबासाहेबांच्या निधनानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. मिलिंदमध्ये शिकवणारे गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दलित साहित्याचे महत्त्वाचे व्यासपीठ ठरले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळाने केला. मात्र त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्यांना मोठी झळ पोहोचली. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले.